देवांना डिवचणाऱ्यांच्या ग्रीक कथा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवांच्या कोपाला बळी पडलेली मुख्य ग्रीक पात्रे कोणती, आणि त्यांच्या कथा वाचताना काय ध्यानात ठेवावे?

टँटलस, सिसिफस, इक्सिऑन, टिटिऑस आणि प्रॉमिथियस ही नावे बहुतेकांना ठाऊक असतात. त्यांच्या जोडीला नायोबी, अरॅक्नी, मार्सियस, अ‍ॅक्टिऑन, पेन्थियस, एरिसिक्थॉन, लायकेऑन, कॅसिओपिया अशी बरीच मोठी रांग आहे. या कथा लहान मुलांच्या पुस्तकांत 'अमक्याने गर्व केला आणि देवाने त्याला धडा शिकवला' अशा एका साच्यात बसवलेल्या आढळतात, पण मूळ काव्ये आणि नाटके उघडली की हा साचा टिकत नाही. बहुतेक कथांत शिक्षा पक्की असते आणि गुन्हा मात्र कवीगणिक बदलतो. दगड, चाक, गिधाड, हुलकावणी देणारे पाणी ही चित्रे लोकांच्या मनात आधीपासून होती, आणि 'असे याने केले तरी काय?' या प्रश्नाची उत्तरे पुढच्या पिढ्यांनी आपापल्या परीने शोधली, असे मानल्यास या कथांमधील विसंगतींचा बराच उलगडा होतो. पुढील उत्तरे याच दृष्टीने लिहिली आहेत.

'ह्युब्रिस' म्हणजे देवांपुढे केलेला गर्व, हे बरोबर आहे का?

अर्धेच बरोबर आहे. अथेन्सच्या कायद्यात ह्युब्रिस हा माणसाने माणसाविरुद्ध केलेला गुन्हा होता आणि त्यासाठी कोणाही नागरिकाला फिर्याद करता येत असे. स्वतःचा काही लाभ नसताना, केवळ त्यातून मिळणाऱ्या सुखासाठी दुसऱ्याला लाजिरवाणे करणारे कृत्य म्हणजे ह्युब्रिस, अशी अ‍ॅरिस्टॉटलची व्याख्या आहे. डेमोस्थेनिस या वक्त्याला मायडियस नावाच्या श्रीमंत गृहस्थाने भर उत्सवात, मद्यदेव डायोनिससच्या रंगमंडपात सर्वांदेखत ठोसा मारला, तेव्हा त्याने रचलेल्या भाषणात हाच शब्द वारंवार येतो. मराठीत त्याच्या जवळ जाणारा शब्द 'गर्व' नसून 'उन्मत्तपणा' किंवा बोलीतला 'माज' हा आहे. गर्व मनात राहू शकतो, पण माज दुसऱ्यावर उतरल्याशिवाय राहत नाही. देवांच्या बाबतीत हा शब्द वापरताना ग्रीक कवींच्या मनात हीच छटा असते: देवाचा जो मान आहे, तो त्याच्यापासून हिरावून घेणे.

टँटलसचा नेमका गुन्हा कोणता होता?

या पानावर सर्वांत जास्त जागा घेणारा प्रश्न हाच आहे, कारण त्याला किमान चार उत्तरे आहेत.

होमरच्या 'ओडिसी'च्या अकराव्या सर्गात ओडिसियस मृतांच्या लोकाच्या उंबरठ्यावर उभा राहून टँटलसला पाहतो. म्हातारा हनुवटीपर्यंत पाण्यात उभा आहे. तो प्यायला वाकला की पाणी आटते आणि पायाखाली काळी माती दिसू लागते. डोक्यावर नासपती, डाळिंब, सफरचंद, अंजीर आणि ऑलिव्ह लगडलेले आहेत, पण हात वर केला की वारा फांद्या ढगांपर्यंत उडवून नेतो. वर्णन असे डोळ्यांसमोर उभे राहणारे असूनही, त्याने काय केले होते याबद्दल होमर एक शब्दही लिहीत नाही.

पुढे सर्वांत प्रसिद्ध झालेली कथा अशी की टँटलसने देवांना जेवायला बोलावले आणि त्यांची परीक्षा पाहण्यासाठी आपल्याच मुलाला, पेलॉप्सला, कापून शिजवून वाढले. इतर देवांनी ताटाला हात लावला नाही. मुलीच्या विरहाने भान हरपलेल्या डिमीटर या धान्यदेवतेने मात्र खांद्याचा घास खाल्ला, आणि पेलॉप्सला पुन्हा जिवंत केले तेव्हा त्याला हस्तिदंती खांदा बसवावा लागला.

कवी पिंडारला ही गोष्ट मान्य नव्हती. सिराक्यूजचा राजा हायरॉन याच्या घोड्याने इ.स.पू. ४७६ मध्ये ऑलिंपियात शर्यत जिंकली, त्या प्रसंगी रचलेल्या गौरवगीतात त्याने देवांपैकी कोणालाही नरमांसभक्षक म्हणायला सरळ नकार दिला आहे. त्याच्या मते समुद्रदेव पोसायडनने पेलॉप्सच्या प्रेमात पडून त्याला स्वर्गात नेले आणि मुलगा सापडेना तेव्हा एका मत्सरी शेजाऱ्याने 'कापून खाल्ला' अशी आवई उठवली. टँटलसचा खरा अपराध निराळाच होता: देवांच्या पंगतीतले अमृत आणि दिव्यान्न चोरून त्याने आपल्या मर्त्य सोबत्यांना पाजले आणि खाऊ घातले. पिंडारने शिक्षाही बदलली आहे. त्याचा टँटलस पाण्यात उभा नाही, तर कोणत्याही क्षणी कोसळेल अशा टांगलेल्या शिळेखाली जगतो आहे. युरिपिडिसच्या एका नाटकात त्याला जीभ आवरता न आल्याचा दोष दिला आहे, आणि आणखी एका परंपरेत देवांचा राजा झ्यूस याच्या मंदिरातला सोन्याचा कुत्रा आपल्याकडे ठेवून घेऊन त्याने खोटी शपथ वाहिली, असे येते.

या सर्व कथांत एक गोष्ट समान आहे. टँटलस हा देवांचा शत्रू नव्हता, तर त्यांच्या पंगतीला बसणारा माणूस होता. खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्याची ही कथा आहे, आणि अन्नाशी व पाण्याशी जोडलेली शिक्षा त्याला म्हणूनच शोभते.

सिसिफसला दगड ढकलण्याची शिक्षा का झाली?

येथेही होमर गप्प आहे. तो फक्त दगड दाखवतो: हातापायांनी रेटा देत सिसिफस शिळा टेकडीवर चढवतो, माथा ओलांडणार तोच तिचे वजन उलटते आणि ती 'निर्लज्ज' शिळा पुन्हा सपाटीवर गडगडत येते. अंगावर घाम वाहतो आहे आणि डोक्याभोवती धुरळा उडतो आहे. मूळ ग्रीक ओळींत चढणीचे वर्णन जड, दीर्घ अक्षरांनी अडखळत चालते आणि उतरणीची ओळ लघू अक्षरांनी भरभर घरंगळते. प्राचीन समीक्षकांनीही या ओळींचे कौतुक केले आहे.

गुन्ह्यासाठी मात्र इतरत्र पाहावे लागते. सिसिफस हा एफिराचा, म्हणजे कॉरिंथचा राजा. झ्यूसने एजायना या नदीकन्येला पळवले, तेव्हा तिचा शोध घेत आलेल्या असोपस या नदीदेवाला सिसिफसने खबर दिली आणि मोबदल्यात आपल्या गडावर पाण्याचा झरा मागून घेतला. अक्रोकॉरिंथच्या कोरड्या डोंगरावरील झरा तोच, असे दुसऱ्या शतकातील प्रवासी पॉसेनियस सांगतो. यानंतर झ्यूसने मृत्यूला पाठवले, तर सिसिफसने त्यालाच बेड्या ठोकल्या आणि युद्धदेव एरिस येऊन सोडवीपर्यंत जगात कोणी मरेना. अखेरीस मरण आलेच, तेव्हा त्याने बायकोला आधीच बजावून ठेवले होते की माझे अंत्यसंस्कार करू नकोस. पाताळात जाऊन 'बायकोने माझे दिवससुद्धा केले नाहीत, तिला जाब विचारून येतो' अशी तक्रार करून तो वर आला आणि म्हातारपणापर्यंत परत गेलाच नाही. ज्याने मरणाला दोनदा वाटेतून परत पाठवले, त्याचा दगड माथ्यावरून दर वेळी परत येतो. गावासाठी पाणी मिळवणाऱ्या या राजाबद्दल मला तरी थोडी माया वाटते.

इक्सिऑनची कथा इतकी कमी का सांगितली जाते?

बहुधा ती अप्रिय आहे म्हणून. वधूशुल्क मागायला आलेल्या सासऱ्याला त्याने निखाऱ्यांनी भरलेल्या खड्ड्यात पाडून मारले. स्वकीयाचा खून करणारा पहिला माणूस म्हणून कोणीही त्याला शुद्ध करून घेईना, तेव्हा झ्यूसनेच त्याला पदरात घेतले, आणि त्याने झ्यूसच्या पत्नीवर, हेरावर, डोळा ठेवला. झ्यूसने ढगाची हेरा बनवून त्याच्यापुढे ठेवली. त्या संबंधातून पुढे सेंटॉर हा अर्धा माणूस, अर्धा घोडा असा वंश निघाला. इक्सिऑनला चार आऱ्यांच्या चाकाला जखडले गेले. पिंडारच्या गीतात तो फिरता फिरता लोकांना सांगत राहतो की उपकारकर्त्याची परतफेड चांगुलपणाने करा.

प्रॉमिथियसला या यादीत धरावे का?

धरावे, पण वेगळ्या रकान्यात. तो माणूस नाही, टायटन आहे, म्हणजे देवांच्याच भाऊबंदांपैकी. प्राचीन कवी हेसिऑडच्या सांगण्याप्रमाणे मेकोनी येथे देव आणि माणसे यांच्यात बैलाच्या मांसाची वाटणी होत असताना त्याने एका वाट्यात मांस ठेवून वर ओंगळ कोथळा पसरला आणि दुसऱ्या वाट्यात नुसती हाडे चकचकीत चरबीने झाकली. झ्यूसने डाव ओळखूनही हाडे निवडली. ग्रीक यज्ञात देवांसाठी हाडे जाळून माणसे मांस का खातात, याचे स्पष्टीकरण देणारी ही कथा आहे. संतापलेल्या झ्यूसने अग्नी लपवला आणि प्रॉमिथियसने तो एका पोकळ देठात दडवून आणला. त्या वनस्पतीच्या आतला भुसभुशीत गर बाहेर धूर न दाखवता बराच वेळ धुमसत राहतो, त्यामुळे हा तपशील हवेतला नाही. पुढे गरुड दिवसा जितके यकृत खाई तितके रात्री पुन्हा वाढे, आणि शेवटी हेराक्लिसने गरुडाला मारून त्याला मुक्त केले. माणसांच्या वाट्याला आलेली शिक्षा म्हणजे पँडोरा, जगात दुःखे सोडणारी पहिली स्त्री. तिच्या हाती असलेला रांजण सोळाव्या शतकात इरॅस्मसच्या लॅटिन लेखनातून 'पेटी' होऊन बसला.

नायोबीची शिक्षा अतिरेकी नाही का?

आहे, आणि प्राचीन श्रोत्यांनाही ती तशी वाटत असावी. नायोबी टँटलसची मुलगी. लेटो देवीला दोनच मुले आणि मला इतकी, असे ती म्हणाली; लेटोची ती दोन मुले म्हणजे अपोलो आणि आर्टेमिस. त्यांनी बाणांनी नायोबीची सगळी मुले मारली. होमरच्या मते सहा मुलगे आणि सहा मुली, रोमन कवी ऑव्हिडच्या मते सात आणि सात. कवयित्री सॅफोच्या शिल्लक राहिलेल्या एका ओळीत मात्र लेटो आणि नायोबी एकमेकींच्या जिवलग मैत्रिणी होत्या असे म्हटले आहे. ती एक ओळ वाचल्यावर उरलेली कथा देवाच्या कोपाची राहत नाही, दोन मैत्रिणींत एका वाक्याने आलेल्या वितुष्टाची होते.

'इलियड'च्या शेवटच्या सर्गात ही कथा अकिलीस सांगतो, आणि तीही ज्याच्या मुलाला त्याने स्वतः मारले त्या ट्रॉयच्या राजाला, प्रायमला. नऊ दिवस प्रेते तशीच पडून होती, कारण झ्यूसने लोकांना दगड करून टाकले होते. दहाव्या दिवशी देवांनीच ती पुरली, आणि रडून थकलेल्या नायोबीला जेवणाची आठवण झाली. म्हणून आजोबा, तुम्हीही दोन घास खा, असा त्याचा आग्रह आहे. देवांना डिवचू नये असे सांगण्यासाठी अकिलीस ही कथा वापरत नाही, सुतकातल्या माणसाला ताटावर बसवण्यासाठी वापरतो.

नायोबी सिपिलस डोंगरावर दगड झाली आणि आजही पाझरते, अशी समजूत होती. हा डोंगर तुर्कस्तानातील मनिसा शहराजवळ आहे. पॉसेनियस स्वतः तेथे चढून गेला होता. जवळून पाहिले तर नुसता कडा दिसतो, बाईही नाही आणि रडणेही नाही. दूर गेले की मान खाली घालून रडणारी स्त्री दिसते, असे त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे.

अरॅक्नी स्पर्धेत हरली म्हणून कोळी झाली का?

नाही. हा गैरसमज सर्वत्र आढळतो. ही कथा आपल्यापर्यंत मुख्यतः ऑव्हिडच्या 'मेटामॉर्फोसिस'च्या सहाव्या भागातून आली आहे आणि तेथे अरॅक्नी हरत नाही. ती लोकर रंगवणाऱ्या रंगाऱ्याची मुलगी. घराण्याचे नाव नाही, आई वारलेली, जे काही आहे ते हातातल्या कसबाने मिळवलेले. मागावर बसून विणकामाची देवी अथेना हिने देवांचे वैभव विणले आणि चार कोपऱ्यांत देवांशी स्पर्धा करून शिक्षा भोगलेल्यांची चार चित्रे घातली. अरॅक्नीने बैल होऊन युरोपाला पळवणारा, हंस होऊन लीडाकडे जाणारा झ्यूस आणि देवांनी रूपे पालटून फसवलेल्या अशाच इतर स्त्रिया विणल्या. त्या कापडात मूर्तिमंत मत्सरालाही खोट काढता आली नसती, असे ऑव्हिड म्हणतो. देवीने कापड फाडले आणि हातातला धोटा अरॅक्नीच्या कपाळावर तीन-चारदा हाणला. अपमान सहन न होऊन अरॅक्नीने गळफास घेतला, तेव्हा देवीने तिला दोरासकट लटकते ठेवून कोळी केले. सम्राट ऑगस्टसने पुढे इ.स. ८ मध्ये ऑव्हिडला रोममधून हद्दपार केले, ही गोष्ट लक्षात असलेल्या वाचकाला हा प्रसंग निव्वळ बोधकथा म्हणून वाचणे जड जाते.

मार्सियसने बासरी वाजवली होती का?

नेहमी बासरी म्हटले जाते, पण त्याचे वाद्य 'औलॉस' हे होते. पाती असलेल्या दोन नळ्या एकदम तोंडात धरून ते वाजवत, त्यामुळे त्याचा सूर बासरीपेक्षा सनईच्या जवळचा मानावा लागेल. गाल फुगून चेहरा विद्रूप दिसतो म्हणून अथेनाने फेकलेले हे वाद्य मार्सियसने उचलले आणि अपोलोला आव्हान दिले. हरल्यावर त्याची जिवंतपणी कातडी सोलण्यात आली. हीच ती कातडी, असे म्हणत केलायनाई शहराच्या चौकात ती टांगलेली दाखवत, असे इतिहासकार हिरोडोटसने नोंदवले आहे.

चुकून घडलेल्या अपराधालाही शिक्षा होत असे का?

होत असे. अ‍ॅक्टिऑनने शिकारीच्या वाटेवर आर्टेमिसला, शिकारीच्या देवीला, स्नान करताना पाहिले आणि तो हरिण झाला. त्याच्याच कुत्र्यांनी त्याला फाडले. दोष नशिबाचा होता, त्याचा नव्हे, असे ऑव्हिड सुरुवातीलाच सांगून टाकतो. जुन्या कथांत मात्र त्याच्यावर आरोप आहेत: आर्टेमिसपेक्षा चांगला शिकारी असल्याची बढाई त्याने मारली, किंवा झ्यूसच्या मनात भरलेल्या सेमेलीला मागणी घातली. एका परंपरेत पुढचा भागही आहे. धन्याला शोधत ओरडत फिरणारी कुत्री कायरॉन या सेंटॉरच्या गुहेशी आली, तेव्हा त्याने अ‍ॅक्टिऑनचा पुतळा करून त्यांना शांत केले.

टायरीसियसने असेच नकळत अथेनाला पाहिले. इ.स.पू. तिसऱ्या शतकातील कॅलिमेकसच्या स्तोत्रात अथेना त्याच्या आईला सांगते की हा झ्यूसच्या पित्याच्या, क्रोनसच्या, काळचा नियम आहे, मलाही तो मोडता येत नाही. दृष्टी जाते, बदल्यात ती त्याला भविष्यज्ञान, पक्ष्यांची भाषा, आधाराची काठी आणि दीर्घायुष्य देते.

एरिसिक्थॉन कोण होता?

थेसलीतला राजपुत्र. त्याची सर्वांत चांगली कथा कॅलिमेकसच्याच डिमीटरच्या स्तोत्रात आहे, आणि ती भीषण असून विनोदीही आहे. मेजवान्यांसाठी नवे दालन बांधायचे म्हणून तो वीस दांडगे नोकर आणि कुऱ्हाडी घेऊन डिमीटरच्या देवराईत शिरतो. देवी पुजारिणीच्या रूपात येऊन समजावते, तेव्हा तो तिच्यावरच कुऱ्हाड उगारतो. 'बांध, बांध, तुला पुष्कळ मेजवान्या कराव्या लागणार आहेत,' असे सांगून ती त्याला न शमणारी भूक देते.

यानंतर कवी राजवाड्याच्या आत जातो. वीस जण रांधत आहेत, बारा जण मद्य ओतत आहेत, आणि मुलगा खातोच आहे. बाहेरून आमंत्रणे येतात आणि आईला लाज वाटते. ती निरोप पाठवते: तो काल शंभर बैलांची वसुली करायला क्रॅनॉनला गेला आहे, त्याला रानडुकराने जखमी केले आहे, तो रथातून पडला, थाळीफेकीत त्याला लागले, तो डोंगरावर मेंढ्या मोजतो आहे. घरातली गोष्ट झाकण्यासाठी रोज नवे निमित्त शोधणारी ही आई कोणत्याही वाड्यातली वाटावी. शेवटी गाडीची खेचरे, शर्यतीचा घोडा आणि घरातले मांजरही संपते, आणि राजाचा मुलगा तिठ्यावर बसून उष्ट्या तुकड्यांची भीक मागतो. ऑव्हिडच्या आवृत्तीत तो आपल्या मुलीला पुन्हा पुन्हा विकतो आणि अखेर स्वतःचेच लचके तोडतो.

शिक्षा झालेले सगळे 'नरकात' जात का?

नाही. होमरच्या मृतलोकात बहुतेकांना ना शिक्षा आहे ना बक्षीस. साऱ्या छाया सारख्याच उदास आहेत. तेथे यातना भोगताना दिसणारे तिघेच आहेत: लेटोवर हात टाकणारा टिटिऑस, टँटलस आणि सिसिफस. टार्टरस ही मुळात हरलेल्या टायटनांची कोठडी. आकाशातून सोडलेली काशाची ऐरण नऊ दिवस नऊ रात्री पडत राहील आणि दहाव्या दिवशी पृथ्वीवर पोचेल, आणि पृथ्वीपासून टार्टरसचे अंतरही तेवढेच, असे माप हेसिऑडने दिले आहे. प्रत्येकाच्या पापपुण्याचा हिशेब होतो ही कल्पना प्लेटोच्या काळापर्यंत ठळक झाली.

खुद्द ग्रीकांना हे देव अन्यायी वाटत नव्हते का?

काहींना नक्कीच वाटत होते. चोरी, व्यभिचार आणि फसवणूक अशी माणसांत निंद्य ठरणारी सर्व कृत्ये होमर आणि हेसिऑड यांनी देवांच्या माथी मारली, अशी तक्रार तत्त्वज्ञ कवी झेनोफेनिसने इ.स.पू. सहाव्या-पाचव्या शतकांच्या सुमारास केली. प्लेटोने आदर्श नगरीत कवींना अट घातली: नायोबीचे दुःख देवाने दिले असे म्हणायचेच असेल, तर त्या शिक्षेने तिचे भले झाले असेही दाखवले पाहिजे.

सर्वांत धारदार आक्षेप मात्र नाटकातून येतो. युरिपिडिसच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आलेल्या 'बाकाई' या नाटकात थीब्जचा तरुण राजा पेन्थियस आपला मावसभाऊ डायोनिसस याला देव मानत नाही. डायोनिसस पेन्थियसच्या आईला, अगावीला, वेडाच्या भरात घालून तिच्याच हातून मुलाला फाडवतो, आणि ती त्याचे मस्तक सिंहाचे समजून मिरवत घरी आणते. तिचे वडील कॅडमस तिला आधी आकाशाकडे पाहायला लावतात, मग हातात काय आहे ते विचारतात. पुढे कॅडमस देवाला म्हणतात की राग धरण्यात देवांनी माणसांसारखे असू नये. डायोनिससचे उत्तर एवढेच की माझ्या पित्याने, झ्यूसने, हे फार पूर्वीच ठरवले होते. याहून पोकळ उत्तर एखाद्या देवाच्या तोंडी क्वचितच आले असेल.

आपल्याकडील शापकथांशी यांचे साम्य आहे का?

वरवर पुष्कळ आहे. दगड झालेली नायोबी वाचताना अहल्या आठवतेच. आपल्या कथांत शाप बहुधा ऋषी देतात, आणि त्याला उःशापाची मुदत असते. ग्रीक कथांत शेवट सहसा शेवटच असतो. एका देवाने केलेले दुसऱ्याला पुसता येत नाही, असा नियम ऑव्हिड सांगतो, आणि टायरीसियसला मिळालेली भरपाई ही उःशापाच्या सर्वांत जवळची गोष्ट आहे.

एक खरा दुवा आकाशात आहे. आपण वा आपली मुलगी सागरकन्यांपेक्षा सुंदर असल्याची बढाई मारणारी कॅसिओपिया तारकासमूह झाली आणि ध्रुवाभोवती फिरताना अर्धा वेळ खाली डोके वर पाय अशी लटकते. मराठीत या तारकासमूहाला शर्मिष्ठा म्हणतात. तिची मुलगी अँड्रोमेडा ही देवयानी, पर्सियस हा ययाती आणि सीफियस हा वृषपर्वा. इंग्रजी 'एम'सारखा तो आकार दाखवताना महाभारतातले कुटुंब सांगितले जाते आणि खालची ग्रीक कथा राहून जाते.

ही नावे आज कोठे भेटतात?

रसायनशास्त्रात. स्वीडनच्या एकेबर्गने १८०२ मध्ये शोधलेले मूलद्रव्य आम्लात बुडवूनही आम्ल शोषत नसे, म्हणून त्याला टँटलम असे नाव मिळाले. त्याच्याच खनिजांत सापडणाऱ्या भावंड-धातूला जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाइनरिख रोझ याने १८४४ मध्ये टँटलसच्या मुलीवरून नायोबियम म्हटले. मोबाइलमधील छोट्या कपॅसिटरांत आज टँटलम असते.

प्रत्यक्ष इतिहासातील घटनांकडेही ग्रीक लोक असेच पाहत का?

होय, विशेषतः पर्शियन आक्रमणाकडे. वादळाने पूल मोडला म्हणून राजा झर्क्सीसने हेलेस्पाँटच्या समुद्राला तीनशे फटके मारायला लावले आणि पाण्यात बेड्या टाकल्या, असे हिरोडोटस सांगतो. हे राजाचे इ.स.पू. ४८० मधील पराभवाआधीचे कृत्य. त्यानंतर आठ वर्षांनी एस्किलसच्या नाटकात झर्क्सीसच्या मृत पित्याचे भूत येऊन म्हणते की उन्माद फुलला की त्याला विनाशाचे कणीस धरते आणि सुगी अश्रूंची होते.

मॅरेथॉनच्या उत्तरेला ऱ्हाम्नस येथे नेमेसिसचे देऊळ होते. अतिरेकाचा हिशेब चुकता करणारी ही देवी. इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनवर उतरलेल्या पर्शियनांना विजयाची इतकी खात्री होती की स्मारकासाठी लागणारा पॅरॉस बेटाचा संगमरवर त्यांनी बरोबरच आणला होता, अशी कथा पॉसेनियस देतो. लढाई संपल्यावर तो दगड तेथेच राहिला, आणि ग्रीकांनी त्यातून नेमेसिसची मूर्ती घडवली. तिच्या एका हातात सफरचंदाची फांदी होती आणि दुसऱ्या हातात पेला.